गालाखालची ऊब

श्रूजबरी
१२ नोव्हेंबर २०२३

प्रिय मैत्रीताईस,

सप्रेम जय भीम, वि. वि.

फोनवर तुझं बोलणं मला आता ऐकू येत नाही आणि तू ओरडून दमतेस, म्हणून पत्र. कान गेले ते रायफलींपायी, हे तू लिहिण्याआधी मीच लिहून टाकतो.

रेणू गेल्यावर नवी रायफल घ्यायची नाही असं ठरवलं होतं. पण आमच्या क्लबातला वॉल्टर उन्हाळ्यात वारला आणि त्याच्या मुलानं सामान विकायला काढलं, तेव्हा राहवलं नाही. पॉइंट टू-टूची जुनी टार्गेट रायफल, एका वेळी एकच गोळी घेणारी, अक्रोडाचा दस्ता. रेणू कित्येक वर्षं अशीच शोधत होती. नेम मारून झाला तरी ती लगेच उठायची नाही, गाल लाकडावर टेकवून तशीच पडून राहायची. तू हसायचीस तिला.

ताई, आमचं बेसमेंट थंडगार असतं. रायफली कुलपात, किल्ली माझ्या गळ्यात. रोज सकाळी कपाट उघडतो तेव्हा बाकी सगळ्या गारठलेल्या असतात, आणि हिचा दस्ता गाल टेकतो नेमका तिथंच कोमट. जणू कुणी आत्ताच मान उचलली. मी घाबरलो नाही. रेणूला गुड मॉर्निंग म्हणालो.

शिवला हे वाचून दाखवू नकोस, मामा कामातून गेला म्हणेल.

माया आहे तशीच ठेव.
तुझा,
कुशल


हर्नडन
२० नोव्हेंबर २०२३

चि. कुशल यास,

अनेक आशीर्वाद, वि. वि.

शिवला दाखवलं नाही. मीच दोनदा वाचलं आणि झोप उडाली.

आपल्या बाबांनी घरातला देव्हारा काढला, तो तू बंदुकीत रेणू बसवावीस म्हणून नाही. भिंतीतून हीटरचा पाइप जात असेल, कपाट हलवून बघ. आणि जेवतोस का ते खरं लिही. क्लबातल्या प्रसादला मी फोन केला होता. तू महिनाभर तिकडे फिरकला नाहीस, बोलावलं तर तळघरात कंपनी आहे म्हणालास, असं त्यानं सांगितलं. माणूस एकटा, घरात बंदुका, आणि गेलेल्या बायकोशी गप्पा. मला किती भीती वाटते ते तुला कळतंय का?

रेणू मलाही हवी आहे रे. पण ती रायफल वॉल्टरच्या घरची. त्याच्या बायकोला एकदा विचार तरी.

रागाव हवं तर, पण पत्र टाकायचं थांबवू नकोस.
तुझी,
ताई


श्रूजबरी
१७ डिसेंबर २०२३

प्रिय ताईस,

सप्रेम जय भीम, वि. वि.

रागावलोच होतो. तरी कपाट समोरच्या भिंतीला नेलं. ऊब तशीच. वॉल्टरच्या बायकोला, डोरथीला मात्र विचारवेना. तिनं भलतंच काही सांगितलं तर, ही धास्ती होती.

शेवटी काल दुपारी रायफल घेऊन तिच्याकडे गेलो. वॉल्टर गेल्यापासून तिनं तिला हातसुद्धा लावला नव्हता. मुलानंच कपाटातून काढून मला दिलेली. मी काहीच सांगितलं नाही, फक्त एकदा धरून बघा म्हणालो. बाई मुळात उत्तम नेमबाज. रायफल रिकामी असल्याची खात्री केली, खांद्याला लावली, गाल टेकवला आणि तशीच थांबली.

मग ती बोलू लागली. माझ्याशी नाही. मला अर्धवटच ऐकू आलं, पण ओठ दिसत होते. इतके दिवस कुठे होतास, कुणाच्या घरी राहिलास, असं ती विचारत होती. दाढी वाढलीय म्हणाली, आणि हसली. वॉल्टरची दाढी गालाला टोचत असणार तिच्या. मला त्या लाकडावर कधी काही टोचलं नव्हतं, ताई. मी कधी गाल टेकवलाच नव्हता. नुसता हात लावून रेणू, रेणू करत राहिलो.

रायफल तिथंच ठेवली. लायसन्स तिचंही आहे, नोंद रीतसर बदलून घेतली. दारात तिनं माझा हात धरून खूप वेळ आभार मानले. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू?

घरी येताना गाडी रस्त्याकडेला थांबवून रडलो. रेणू एकदाही आली नव्हती. मी रोज दुसऱ्याच्याच माणसाला तिच्या नावानं हाका मारत होतो, आणि तो बिचारा ऐकून घेत होता.

उरलेल्या रायफली प्रसाद सांभाळेल, किल्लीही त्याच्याकडे दिली. शुक्रवारी तुझ्याकडे येतोय. काही दिवस राहीन. मोठ्यानं बोलावं लागेल, तेवढं सोसून घे.

तुझा,
कुशल