सासूबाईंच्या पर्सचा पट्टा

तीर्थस्वरूप दादा यांना बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार.

तुमची पाठ आता कशी आहे? वहिनींचा गुडघा वाकतो का? इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. ते फारसं मनावर घेऊ नका. फोनच केला असता, पण मी फोन उचलला की बाबा शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात. होय, तुमचे वडील, म्हणजे माझे सासरे, सध्या आमच्याकडे मुक्कामाला आहेत. क्यूसकट, म्हणजे बिलियर्ड्सच्या काठीसकट.

आमच्या बिलियर्ड्स क्लबाने यंदा मला साहित्य-तपासनीस नेमलं. (खेळता येत नाही आणि क्लबही सोडत नाही, अशा माणसाचं दुसरं करायचं काय?) काम तसं सोपं. सामन्याआधी प्रत्येकाची क्यू नियमात बसते का ते बघायचं. लांबी तीन फुटांपेक्षा कमी नको. आकार नेहमीचा, म्हणजे बुडाशी जाड आणि पुढे निमुळता. आणि निमुळत्या टोकावर टिप, म्हणजे चेंडूला लागते ती शर्टाच्या बटणाएवढी चकती, ती चामड्याचीच हवी. माझ्याआधीचे तपासनीस क्यूकडे लांबूनच बघून चहा प्यायला जात. मी पडलो कर्तव्यदक्ष. टेप घेतली, भिंग घेतलं आणि एकेका खेळाडूला प्रेक्षकांसमोर उभं करून त्याचा जबाबच घ्यायला लागलो.

उपांत्य सामन्याला बाबांची पाळी आली. लांबी ठीक, आकार ठीक, बुडाला रबराचं बूच, तेही चालतं. पण टिप डाळिंबी रंगाची, आणि भिंगातून बघितलं तर वर बारीक वेलबुट्टी. मी म्हटलं, हे चामडंच कशावरून? जावयाने सासऱ्याला चारचौघांत असं विचारू नये, हे काही नियमावलीत लिहिलेलं नाही. बाबा आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत (विचारलं नाही तर गप्प मात्र पुष्कळ बसलेत). ते सरळ म्हणाले, "हिच्या पर्सच्या पट्ट्याचं आहे. उत्तम चामडं. टिप झिजली की टोकाकडून जरासं कापतो आणि बक्कल पुन्हा शिवून टाकतो."

आई, म्हणजे सासूबाई, पहिल्याच रांगेत बसल्या होत्या, पर्स काखेत. काखेतच, कारण पूर्वी कमरेपर्यंत लोंबणारी पर्स आता तेवढीच खाली येत होती.

दादा, पट्टा कापला याचं आईंना एवढं काही नव्हतं. पण पट्टा अपुरा पडतोय तो आपण जाड होत चाललोय म्हणून, अशी त्यांची इतके महिने समजूत. त्यापायी त्यांनी साखर सोडली, बटाटा सोडला, सकाळी उठून धावायला लागल्या, आणि जेवताना हेच बाबा त्यांना म्हणत, "अगं पुरे, किती बारीक होशील?" क्यू नियमानुसार आहे, असा निकाल मी दिला. द्यावाच लागला. बाबा सामना जिंकले. आई एवढंच म्हणाल्या, "घरी यायची घाई करू नका." आणि तुमची बहीण मला म्हणाली, "विचारलंत तुम्ही, आता सांभाळा तुम्हीच."

तेव्हापासून बाबा आमच्या जेवणाच्या टेबलावर बटाट्यांचा सराव करतात. पडद्यांना टिपेला घासायच्या खडूची निळी बोटं लागली आहेत. वर सूड म्हणून ते माझं घर तपासतात. झाडू: लांबी पुरेशी, आकार नेहमीचा नाही, बाद. माझी छत्री: टोक चामड्याचं नाही, बाद. हेही मी हसून सोसलं असतं. पण रविवारी अंतिम सामना आहे आणि बाबांचे बटाटे भलतीकडेच जातात. काल अगदी सोपा बटाटा चुकला, तेव्हा क्यू भिंतीला टेकवून हळूच म्हणाले, "ती समोर बसलेली नसली की मला नेमच धरता येत नाही, जावईबापू." मला फार वाईट वाटलं. आगाऊपणा माझा आणि शिक्षा त्यांना.

वहिनींना नमस्कार. मुलांना वयाप्रमाणे आशीर्वाद किंवा धाक.

आपला,
स्वतःच्या घरात बाद ठरलेला तपासनीस

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. तशीच डाळिंबी पर्स तुमच्याकडच्या बाजारात मिळाली तर रविवारच्या आत आईंना पाठवा, बाबांच्या नावाने. आणि सामन्याला जा म्हणून सांगा, तुमचं त्या ऐकतात. पार्सलावर माझं नाव कुठेही नको.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तोच आई दारात. हातात बाबांचा इस्त्रीचा शर्ट. म्हणाल्या, "माझा अर्धा पट्टा त्या काठीवर गेलाय. आता हरून चालायचं नाही." बाबांनी शर्ट तिथेच चढवला, उलटा. आईंनी चहा मागितला, साखर घालून, आणि दोन कप प्यायल्या. दोघं आत्ताच घरी गेले.

ता. क. ३ : पर्स तरीही पाठवा, पण माझ्या पत्त्यावर. पट्टा लांब आणि जाड बघून घ्या. निघता निघता बाबांनी माझीही क्यू तपासली आणि टिप बाद केली. तुमच्या बहिणीने तेव्हापासून आपली पर्स कपाटात ठेवून कुलूप लावलं आहे.