खडकामागचा मासा

बारामती,
सोमवार, १३ जानेवारी २०२५.
सकाळी ७ वाजून १० मिनिटे. रंगाच्या सुऱ्या पुसत होतो. तीन झाल्या, दोन तशाच ठेवून लिहायला बसलो.

ती. सौ. संजीवनीताई हिस,
जोतीरामचा शि. सा. न. वि. वि.

पाकिटाला चिकटपट्टी लावून पट्टीवर आडवी सही केली आहे. सही तुटलेली दिसली तर पाकीट वाटेत कोणी उघडले, ते चाँदभाईंना विचार. ते भाजीचा टेम्पो घेऊन रोज तुमच्या खानावळीत येतात, म्हणून त्यांच्या हाती देतो. फोन मुद्दाम करत नाही. तुझा फोन दिवसभर गल्ल्यावर दाजींजवळ असतो.

तुला माहीत असलेलेही सगळे लिहितो, म्हणजे नंतर कोणी नाही म्हणायला नको. इंदापूरच्या दातांच्या डॉक्टर मेहरीन मॅडमच्या दवाखान्यासाठी मी समुद्राच्या तळाचे चित्र करत आहे. माझ्या खोलीत जागा नाही, म्हणून ते भिगवणला तुझ्या माडीवर ठेवले आहे. दर रविवारी येऊन मी एक थर देतो, जाताना फोटो काढतो आणि खडक, पोवळी, मासे यांची उंची पट्टीने मोजून वहीत लिहितो. जाड तैलरंग वरून सुकल्यासारखा दिसतो, पण आतून महिनाभर लोण्यासारखा मऊ राहतो. म्हणजे कोणालाही त्यात हात घालता येतो.

आणि कोणीतरी घातला आहे. खडकामागच्या माशाचे पोट ५ तारखेला सपाट होते, काल ते फुगीर होते. पाठीला चिकटून काढलेला पर दोन बोटे खाली सरकला आहे. फोटो आणि वही दोन्ही माझ्याजवळ आहेत.

ताई, दुकानाच्या पाट्या रंगवतो तेव्हा खाली माझे नाव नसते. या चित्रावर पहिल्यांदा असेल. कोपऱ्यात सहीसाठी चार इंच जागा ठेवली आहे. दुसऱ्याचा हात लागलेल्या चित्रावर मी सही कशी करू?

माडीची किल्ली कोणाकडे असते? दाजींचे नाव मी घेत नाही. फक्त विचारतो.

तुझ्या मागच्या पत्रातल्या नऊ चुका लाल पेनाने दुरुस्त करून ते सोबत परत पाठवत आहे. राग नसावा. शंका वेगळी, लोभ वेगळा. लोभ चालू ठेवावा.

तुझा,
जोतीराम


भिगवण,
बुधवार, १५ जानेवारी.

चि. जोतीरामास, ताईचे अनेक उ. आ.

सोबत तिळगूळ हाय. खा आणि जरा गोड लिही. तुझी आडवी सही चाँदभाईंनी सगळ्या खानावळीला दाखवली. म्हणाले, पत्र हाय का कोर्टाचं समन्स?

किल्ली खुंटीला असते. तिथं सगळ्यांचा हात पोचतो, आमच्या छकुलीचा सोडून, कारण ती चार वर्षांची हाय. तिच्यावर संशय घेऊ नकोस. हितं पक्षी बघायला येणाऱ्यांची गर्दी हाय. पहाटे पाचपासून मी मासे साफ करते, तुझ्या चित्राशी खेळायला कुणाला येळ हाय?

तू माळकरी. मासा खात न्हाईस, हातात धरत न्हाईस. समुद्र तर आपल्या घरात कुणीच बघितला न्हाय. मोबाईलवर बघून काढलेला मासा वैतागून आपला आपण फिरला असंल.

लाल पेनाचं पत्र पोचलं. चुका नऊ न्हाईत, आठ हायत. 'येळ' आमी असंच म्हणतो.

पोटभर जेव. चित्रापेक्षा तू वाळत चाललायस.

तुझी,
ताई


बारामती,
सोमवार, २० जानेवारी २०२५.
संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटे. एक खवला कागदाच्या पुडीत बांधत होतो.

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पुडी सोबत आहे. ती पुरावा आहे, बघून परत पाठवणे. काल त्याच माशाच्या अंगावर ओळीने खवले उठलेले दिसले. मी खवले काढलेच नव्हते. जवळ गेलो तर वास आला. माळकरी माणसाला तो वास लांबून कळतो. मग रंगात रुतलेला हा खरा खवला सापडला.

काल दाजींनी मला साधा राम राम केला नाही. तोंडाला मफलर गुंडाळून गल्ल्यावर बसले होते आणि नजर चुकवत होते. शुक्रवारी ते इंदापूरला मेहरीन मॅडमच्या दवाखान्याशी टेम्पोतून उतरले, असे चाँदभाईंनी हसत सांगितले. ते का हसले, तेही मला कळले नाही.

मी नीट विचार केला आहे. मुजम्मिल आमच्या पाट्यांच्या दुकानात माझ्याबरोबर होता, आता लोणी देवकरला फ्लेक्स छापतो आणि तुमच्याकडे जेवायला येतो. तुझ्या तैलरंगाला दोन महिने लागतात, माझ्या फ्लेक्सला दोन तास, असे तो मला टोमणे मारायचा. दाजी त्याला माडीवर नेतात, तो मासा सुधारतो आणि फोटो मॅडमना दाखवून काम आपल्याकडे ओढतो. दुसरा अर्थ मला लागत नाही. रंगासाठी दाजींनी मला दोन हजार रुपये न मागता दिले. का दिले, याचा विचार मी तेव्हाच करायला हवा होता.

येत्या रविवारी तो मासा सुरीने खरवडणार आणि चित्र बारामतीला घेऊन जाणार. हे त्यांना सांगू नये.

तुझ्यावर मात्र विश्वास आहे, तो सांभाळावा.

जोतीराम


भिगवण,
बुधवार, २२ जानेवारी.

चि. जोतीरामास, आशीर्वाद. आज जरा कमीच.

तुझ्या दाजींची अक्कलदाढ काढली, शुक्रवारी, मेहरीन मॅडमनीच. गाल लिंबाएवढा सुजला हुता न् तोंडात कापूस. राम राम कुठनं घालतील? हात वर केलता त्यांनी, पण तू त्यांची नजर मोजत बसलास. मुजम्मिल तर महिन्यात हिकडं फिरकला न्हाय.

मासा मी केला.

रोज तीस-चाळीस किलो मासा माझ्या हाताखालनं जातो. माडीवर कापडं वाळत घालायला गेले की तुझा त्यो मासा दिसायचा. कल्ला न्हाय, पर पाठीवर, पोट चपातीवानी. त्यो पवत न्हवता, खुंटीला टांगला हुता. एका मंगळवारी हात धुतले न् चमच्याच्या दांड्यानं पर खाली घेतला, पोट भरलं. तुझं पहिलं पत्र वाचून थांबायला पायजे हुतं, पण हात ऱ्हाईना. खवलं कशी करावी कळंना, म्हणून धरणातल्या चिलापी माशाचं कातडं मऊ रंगावर दाबलं न् अलगद उचललं. कातडं दाजींनीच सोलून दिलं. म्हणाले, त्याला सांग. मी सांगितलं न्हाय, ही माझी चूक.

पण जोतीराम, माझी पत्रं तू लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवतोस. मी कदी रागावले का? मी तुझा एक मासा दुरुस्त केला, तर तू सगळ्या घराला चोर केलंस.

खरवडायचा तर खरवड, चित्र तुझं हाय. दाजींना मात्र काय बोलू नकोस. दुखऱ्या तोंडानं गिऱ्हाइकांना माडीवर नेऊन सांगत्यात, माझ्या मेव्हण्यानं काढलंय.

तुझी पुडी परत पाठवली हाय. जपून ठेव.

ताई


बारामती,
सोमवार, २७ जानेवारी २०२५.
सकाळी ६ वाजून ५ मिनिटे. तुझे पत्र चौथ्यांदा वाचत होतो. लाल पेन हातात नव्हता.

ती. सौ. संजीवनीताई हिस,
जोतीरामचा शिरसाष्टांग नमस्कार, या वेळी पूर्ण अक्षरांत.

काल तू स्वयंपाकघरात गर्दीत होतीस आणि मी न सांगता तीनच्या गाडीने निघून आलो. माडीवर काय झाले ते लिहितो.

मी सुरी घेऊन त्या माशासमोर उभा होतो. सुरी पोटाला टेकलीही होती. तेवढ्यात दाजी मेहरीन मॅडमना वर घेऊन आले. त्या पक्षी बघायला आल्या होत्या आणि तुमच्याकडे जेवल्या. त्यांनी सातही मासे पाहिले, खडकामागच्या माशापाशी वाकल्या आणि म्हणाल्या, बाकीचे सहा चित्रातले आहेत, हा धरायला गेले तर हातातून निसटेल. कोणाकडून शिकलात, असे त्यांनी विचारले.

मी म्हणालो, मीच बघून बघून शिकलो.

दाजी जिन्यात उभे होते. त्यांनी ऐकले. गालावर हात ठेवून ते खाली गेले. दाढेमुळे नव्हे, सूज आता उतरली आहे.

पंधरा दिवस मी ज्या चोराला शोधत होतो, तो माडीवर सुरी घेऊन उभा होता.

मी धावत खाली गेलो. मॅडमची गाडी सुरू झाली होती. काचेवर थाप मारून सांगितले, की तो मासा माझा नाही, माझ्या बहिणीचा आहे. शिवाय ती चिलापी आहे आणि समुद्रात चिलापी नसते. त्या हसल्या. म्हणाल्या, इंदापूरची मुले खुर्चीत बसताना रडतात. समुद्रातला मासा त्यांनी पाहिलेला नाही, चिलापी ओळखतील. बाकीचे सहाही बहिणीकडून जिवंत करून घ्या.

येत्या रविवारी जेवणाची गर्दी सरली की चार वाजता माडीवर ये. कातडे मला धरता येणार नाही, ते तू धर. खडक आणि पाणी मी सांभाळतो. दाजींशी काय बोलायचे ते मी तीन वेळा लिहून पाहिले. नीट जमत नाही, समोर येऊन बोलेन.

तुझ्या पत्रात चुका नाहीत.

लोभ तू केलास, मी फक्त मोजत बसलो. तरी तो कमी होऊ देऊ नये.

तुझा,
जोतीराम

हिशोब, आजअखेर:
कॅनव्हास व चौकट १,४५०, रंग ३,८६०, जवसाचे तेल व टर्पेंटाइन ६१०, सुऱ्या ३२०, एसटी भाडे ५४०. एकूण खर्च ६,७८०.
मॅडमकडून आगाऊ ५,०००. दाजींकडून २,०००. हातात २२०. त्यातून काल स्टँडजवळ तुझ्यासाठी एक लहान सुरी घेतली, ११०. शिल्लक ११०.
देणे: दाजींचे २,००० आणि समक्ष माफी. तुझा एक मासा.
सहीची जागा: चार इंच. माझे नाव दोन इंचांत बसते, मोजून पाहिले.