तोंडावरचा अनुस्वार

३ जून, सोमवार. सकाळी.
नवी वही, नवा निश्चय. डॉक्टरांची गोळी सुरू होऊन चार महिने झाले. गेल्या वर्षी मला आवाज ऐकू यायचे, ते गोळीने बंद झाले. कबूल. पण रोज उशी लाळेने ओली, डोकं जड, आणि पँटचं बटण लागेल तर शपथ. छापखान्यात प्रूफं तपासताना लाल पेन थरथरतं. काल वेलांटी दुरुस्त करायला गेलो, कागदावर गांडूळ उमटलं. मालक काही बोलले नाहीत. मालक बोलत नाहीत तेव्हाच जपावं लागतं.
निश्चय : डॉक्टरांना यातलं काही सांगायचं नाही. वीस वर्षं प्रूफरीडर आहे. हात कापतो असं स्वतःच्या तोंडाने सांगू?

५ जून, बुधवार.
गोळ्यांच्या खोक्यातला माहितीचा कागद वाचला. संभाव्य दुष्परिणाम : सुस्ती, वजन वाढणे, हात थरथरणे, एका जागी बसवेनासे होणे. आणि पुढे, 'तोडाला कोरड पडणे'. तोडाला! अनुस्वार गायब. ज्यांना तोंड धड लिहिता येत नाही, ते माझा मेंदू दुरुस्त करणार?
आजपासून गोळी बंद. स्वयंपाकघराच्या दारामागे बायकोने वेळापत्रक चिकटवलंय. त्यातली 'संध्याकाळी जेवणानंतर १ गोळी' ही ओळ लाल पेनने काटली, समासात 'वगळा'ची खूण केली. हिला सांगितलं, डॉक्टरांनीच बंद केली. हिने विचारलं, कधी? म्हटलं, फोनवर. याला खोटं म्हणत नाहीत, संपादन म्हणतात.

१० जून, सोमवार.
हात स्थिर! पाचवीच्या विज्ञानाच्या पुस्तकाची शेवटची प्रूफं माझ्याकडे आली. शुक्रवारी छपाई. गेल्या वर्षी आजारपणात मी बागकामाच्या एका पुस्तकातले सगळे 'ळ' काढून टाकले होते. ते पाळत ठेवतात अशी माझी समजूत झाली होती. फळांची 'फं' झाली, मुळांची 'मुं'. तरी मालकांनी मला कामावर परत घेतलं. म्हणाले, ही शेवटची संधी. आता 'ळ' मला अगदी सज्जन वाटतो.
हिने विचारलं, झोप लागते का? म्हटलं, झोपेची गरजच उरली नाही. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. बायकांना उगीच काळजी करायची सवय असते.

१२ जून, बुधवार. दुपारी.
मोठा शोध लागला. जुने लोक 'नाहीं', 'कांहीं' लिहायचे. डोक्यावर अनुस्वार, उच्चार शून्य. पुढे नियम बदलले आणि ते हाकलले गेले. गेले कुठे? कोणी चौकशी केली? आता ते परत यायचं म्हणतात. मला स्पष्ट ऐकू येतं. टिंबाएवढा बारीक आवाज. गोळीच्या कागदातल्या 'तोंडा'वरून निसटलेला अनुस्वार त्यांचा पुढारी आहे.
हे आजारपण नव्हे. तेव्हाचे आवाज ओरडायचे. हे अहो-जाहो करतात.

१३ जून, गुरुवार.
प्रूफं घरी आणून सगळ्या अनुस्वारांची सोय लावली. पान एक ते शहाण्णव. मुलगी शाळेतून आली, खांद्यावरून डोकावली. म्हणाली, बाबा, 'पाणीं' असं नसतं. मी ओरडलो. ती रडली नाही. मागे मागे सरकत दाराशी गेली आणि तिथून बघत राहिली. गेल्या वर्षीही तिथेच उभी राहायची. मला ते आवडलं नाही. अजिबात आवडलं नाही.
अनुस्वार म्हणाले, लक्ष देऊ नका.

१४ जून, शुक्रवार.
मालकांनी छपाई थांबवली. प्रूफं टेबलावर ठेवली, चष्मा काढला, बसा म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हिला बोलावून घेतलं होतं. तिथून थेट डॉक्टर.
हिने त्यांना विचारलं, फोनवर गोळी कधी बंद केलीत? डॉक्टर म्हणाले, मी नाही. मी चपलांकडे बघत बसलो. मग हात, लाळ, सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हे आधी बोलला असता तर डोस बदलला असता, त्यावर उपाय असतात, पण आपल्या मनाने गोळी सोडायची नसते. म्हणजे एका वाक्याचं काम होतं. लाज वाटली. भीती त्याहून जास्त.

२४ जून, सोमवार.
बदललेला डोस चालू आहे. अनुस्वार पांगले. हात थोडा कापतो. पुस्तक दुसऱ्याने तपासलं. नोकरीचं विचारलं तर मालक म्हणाले, आधी बरे व्हा. ते 'हो' नव्हतं.
आज दारामागचं वेळापत्रक पाहिलं. मी काटलेल्या ओळीखाली हिने टिंबं दिलीत. लग्नानंतर मीच हौसेने शिकवली होती ही खूण : काटलेल्या शब्दाखाली टिंबं, म्हणजे चुकून काटलं, राहू द्या. टिंबं वेडीवाकडी आलीत. हिचा हात कशाने थरथरला, ते विचारायची हिंमत झाली नाही.
मुलगी पाणी घेऊन आली. गोळी गिळेपर्यंत उभी होती. दाराशी नाही, पण हातभर लांबच.
तोंडाला कोरड पडली आहे. अनुस्वारासकट.