कमलच्या नावाचं क्वार्टर

९ फेब्रुवारी १९९७, रविवार

क्वार्टर मिळालं!

पीसीओवाल्या काकांची हाक आली तेव्हा मी मिलमधून आलेल्या साड्यांचे सुटे धागे कापत होते. कात्री हातात तशीच, धावत सुटले. फोनमध्ये नुसती खरखर. कुंदन पलीकडून ओरडत होते — नंबर लागला, दोन खोल्या आहेत, पुढे ओटा, नळ घरात. नळ घरात! मी नुसती हं, हं करत राहिले. काका गल्ल्यावर बसून कान देऊन ऐकत होते, त्यांच्यासमोर नवऱ्याशी काय बोलणार?

(तोंडाने मी नवऱ्याचं नाव घेत नाही. वहीत घेते. सासूबाईंना वाचता येत नाही, हे एक बरं आहे.)

गावाचं नाव बबिना. झाशीजवळ. सगळं गाव फौजेचंच म्हणे. ३१ मार्चच्या आत बायकोला घेऊन राहायला गेलं पाहिजे, नाहीतर क्वार्टर यादीतल्या पुढच्या माणसाला. आणि पुढच्या वर्षी पलटण सीमेवर जाणार, तीन वर्षांसाठी. तिथे बायकांना नेता येत नाही. म्हणजे आत्ता, नाहीतर कधीच नाही.

१० फेब्रुवारी

लग्नाला एकवीस महिने झाले. एकत्र राहिलो ते दिवस आज मोजले. एकसष्ट! तेही एकाच खोलीत, मध्ये साडीचा पडदा आणि पडद्यापलीकडे मामंजी खोकताहेत. एकसष्ट दिवसांत पाळणा हलला नाही म्हणून मी वांझ. सासूबाई नळावर सगळ्या बायकांना ऐकवतात. परवा म्हणाल्या, कुंदनसाठी अजून एक पोरगी पाहावी लागेल. हसत म्हणाल्या, पण मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

क्वार्टरची बातमी सांगितली तर त्यांचा पहिला प्रश्न, मग धागे कोण कापील?

मामंजी मिलमधून आले, रंगाने निळी झालेली नखं घासत बसले.

१७ फेब्रुवारी

कुंदनचं पत्र आलं. चार वेळा वाचलं. 

आधी नावाचं लिहिते, म्हणजे माझं मलाच नीट कळेल. माझं नाव मनीषा. नवरा बिजवर आहे हे मला बोहल्यावर चढण्याआधी माहीत होतं. बाबांनी लपवलं नाही. पहिली बायको प्लेगमध्ये गेली, चौऱ्याण्णव साली. सुरत सोडून लोक पळत होते त्या आठवड्यात. एवढंच माहीत होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर कुंदनने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं — कमल. मला आवडलंसुद्धा. तीन महिन्यांनी शेजारच्या मंदाने सांगितलं की कमल हे तिचंच नाव होतं. त्या मेलेलीचं. मी रडले तर सासूबाई म्हणाल्या, "नाव बदलं म्हंजे माणूस बदलस का?" त्यांना वाटतं, नाव काय, हांड्याला कल्हई केल्यासारखं. हांडा तोच.

ह्या नावाचं कारण आता पत्रात लिहिलंय. फौजेच्या कागदात बायको म्हणून कमल आहे. ती गेल्याचं ह्यांनी कळवलंच नाही. प्लेगच्या गडबडीत मृत्यूचा दाखला मिळाला नाही, आणि दाखल्याशिवाय दुसऱ्या लग्नाची नोंद होत नाही. म्हणून नाव तेच ठेवलं. क्वार्टरही कमलच्याच नावावर मिळालंय. "तू कमलच तर आहेस. गेटवर कमल सांग. घाबरायचं काय?"

घाबरायचं काय! फौजेच्या ओळखपत्रावर फोटो तिचा आहे. म्हणे जुना आहे, पदर डोक्यावर आहे, कोण एवढं निरखून बघतो.

१८ फेब्रुवारी

रागाने जेवले नाही. मग मध्यान्हीला स्वतःच विचार केला. राग धरून इथेच बसायचं, की नाव गिळून जायचं?

जायचं.

२४ फेब्रुवारी

पाठांतर चाललंय. दहावीला एवढं केलं असतं तर पहिला वर्ग मिळाला असता. नाव कमल. वडील विठ्ठल. गाव सांजोरी, दोंडाईचाजवळ. जन्म १९७२. म्हणजे मी एका पत्रात चार वर्षांनी म्हातारी झाले. दहावीची गुणपत्रिका बरोबर आणू नकोस असं कुंदनने खाली रेघ मारून लिहिलंय.

सासूबाईंना विचारलं, कमलताई कशा होत्या? म्हणाल्या, माणसासारखी होती. घरात तिचा एक फोटो नाही, एक लुगडं नाही. प्लेगच्या वेळी सगळं जाळलं, असं सांगतात.

२ मार्च, रविवार

फोन. आज आवाज स्पष्ट होता. कागदात ओळखीची खूण लिहिलेली आहे — हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. कुंदन म्हणाले, ते तेवढं करून घे. जशी काही मीठ आण म्हणून सांगताहेत!

मी विचारलं, तुम्हाला चालेल? रोज माझ्या तोंडावर तिचे ठिपके बघायला?

 मग म्हणाले, तू ये फक्त.

ते "ये फक्त" दिवसभर कानात आहे. मला कुणी असं बोलावलं नव्हतं कधी.

७ मार्च, महाशिवरात्र

करून आले.

सासूबाई देवळाजवळच्या जत्रेत घेऊन गेल्या. गोंदणाऱ्या बाईकडे बॅटरीवरचं मशीन. आजूबाजूला पोरी मनगटावर नवऱ्याचं नाव काढून घेत होत्या, लाजत होत्या. मी हनुवटी पुढे केली. सासूबाईंनी बोटाने जागा दाखवली — इथे, इथे, आणि हे जरा खाली. त्यांना अगदी नेमकं आठवत होतं. मला त्या क्षणी कमलताईची दया आली आणि माझीही. कुणाची जास्त, सांगता येत नाही.

दुखलं. रडले नाही. घरी येऊन आरशात पाहिलं आणि मग रडले.

९ मार्च

हनुवटी सुजली आहे. हळद लावते. मंदा दारातूनच बघून परत फिरली. एरवी ती गप्पा मारल्याशिवाय जात नाही.

ट्रंक भरून ठेवली. दोन चादरी, पोळपाट, बाबांनी दिलेला तांब्या.

१३ मार्च

संपलं सगळं.

कुंदनचं पत्र. ऑफिसातले बडे बाबू बदलले. नवे बाबू कडक. प्रत्येक बायकोचा तिच्या माहेरच्या ग्रामपंचायतीचा दाखला मागतात, ही अमक्याची मुलगी, तमक्याची बायको म्हणून. "आता काही होणे नाही. क्वार्टर सोडून देतो. तू आईजवळच राहा. तीन वर्षे काय, निघून जातील."

निघून जातील! तीन वर्षं! माझी निघून जातील ना, ह्यांना काय? मी तोंड गोंदवून घेतलं. तोंड! ते आता कुठल्या पाण्याने धुऊ?

१४ मार्च

झोप नाही. डोकं दुखतंय. पण एक गोष्ट सुचली, आणि ही गोष्ट एवढ्या लोकांपैकी एकालाही कशी सुचली नाही याचंच नवल वाटतं.

कमलताई माहेरी वारली असं सांगतात. इथून ताप घेऊन गावी नेली आणि तिथेच संपली. मग सांजोरीच्या ग्रामपंचायतीत नोंद असणारच! खेड्यात मरणाची नोंद ग्रामसेवक करतो, आमच्या नंदुरबारकडच्या खेड्यांतही तसंच आहे. तो दाखला आणला की कुंदनने साहेबासमोर जाऊन खरं सांगायचं. उशीर झाला, चूक झाली म्हणायचं. ओरडा बसेल. मग मी मनीषा म्हणून जाईन. गुणपत्रिका घेऊन!

जेवताना मामंजींना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. सासूबाई एकदम ओरडल्या, "त्या गावनं नाव काढू नको." मी म्हटलं, पत्र तरी टाकू. मामंजी ताट सारून उठले. हा माणूस मिलमधून आल्यावर भाकरीचा तुकडा टाकत नाही, आज अर्धी भाकर टाकून गेला.

कमलच्या माहेराशी भांडण असेल. मेलेल्या मुलीचे दागिने वगैरे. असो. माझं कुणाशी भांडण नाही.

१६ मार्च, रविवार

फोनची वाट पाहिली. पीसीओवर तीन तास बसले. आला नाही.

१८ मार्च

होळीला माहेरी जाऊ का विचारलं. सासूबाई लगेच जा म्हणाल्या! दोन वर्षांत पहिल्यांदा. माहेर नंदुरबार. सांजोरी त्याच रुळावर, थोडं पुढे. ते मी त्यांना सांगितलं नाही.

२० मार्च, नंदुरबार

सुरतजवळच्या उधन्याहून पॅसेंजर. आईने दारातच माझी हनुवटी धरली आणि विचारलं, हे काय? म्हटलं, हौस. आई म्हणाली, तुला सुईची भीती वाटायची. मी आत निघून गेले.

उद्या सकाळी दोंडाईचा. वैभवला बरोबर घेत नाही. भाऊ आहे, पण पोटात काही राहत नाही त्याच्या.

२१ मार्च

सगळं नीट लिहायचं असं ठरवून बसले आहे.

सांजोरीची ग्रामपंचायत म्हणजे एक खोली, कपाट आणि टेबल. ग्रामसेवक चांगला माणूस. पाणी दिलं. मी सांगितलं, कमल कुंदन पाटील, वडील विठ्ठल, मृत्यू सप्टेंबर किंवा ऑक्टोबर चौऱ्याण्णव, दाखला हवा. त्यांनी रजिस्टर काढलं. बोट फिरवत गेले, पान उलटलं, परत मागे आले. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. माझ्या हनुवटीकडेही.

"मेलेल्याचा दाखला लगेच देतो, बाई. जित्या माणसाचा कसा देऊ?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, साहेब, नीट बघा, तारीख मागेपुढे असेल. ते उठले आणि मला दारात घेऊन आले. समोर अंगणवाडी, तिच्यामागे चूल. एक बाई पोरांची खिचडी ढवळत होती.

मी चालत चुलीपाशी गेले.

तिने विचारलं, कोण पाहिजे? मी कुंदनची बायको असं म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. हनुवटीवर तिचेच ठिपके! तिला कळायला वेळ लागला नाही. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि मला बसायला पाट दिला.

कमलताई. जिवंत. माझ्यापेक्षा उंच, सावळी, हाताला भाजल्याचे डाग.

तिने सांगितलं ते सगळं शांतपणे सांगितलं. प्लेगच्या दिवसांत तिला ताप आला. सगळे तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. "माले दवाखानामा ठेईसन त्या पयी ग्यात." सासू, सासरा, सगळे. दवाखान्यात तिला ठेवून रात्रीच्या गाडीने पळाले. ताप साधाच निघाला, पाचव्या दिवशी उतरला. तिच्या वडिलांनी येऊन तिला नेलं. नंतर ते दोनदा सुरतेला आमच्या पांडेसऱ्याच्या घरी गेले, तर मामंजींनी दार उघडलं नाही. जिला टाकून पळाले त्या सुनेला कुठल्या तोंडाने परत घ्यायचं? म्हणून ती मेली असं सांगत सुटले. लाजेने. मग पुढे तेच खरं धरून माझं लग्न लावलं.

मी विचारलं, आणि त्यांना? त्यांना माहीत आहे?

"त्याले ठाऊक शे. दोन दाव उंथा इथे." दोनदा आले होते. इथे, ह्याच गावात. मागच्या दिवाळीतसुद्धा. मागच्या दिवाळीला ते माझ्याजवळ नऊ दिवस होते, आणि सुट्टी संपली म्हणून निघाले होते. मी डबा बांधून दिला होता.

मी म्हटलं, मग तुम्ही गप्प कशा बसलात?

ती एकदम लहान मुलीसारखी हसली. "क्वार्टर मिळनं का तुले लई जासू, आशे सांगेल शे त्यानी."

क्वार्टर मिळालं की तुला घेऊन जाईन! तिलाही! तीही तिथे खिचडी ढवळत वाट बघतेय, अडीच वर्षं. तिला अजून कुणी सांगितलेलंच नाही की नंबर लागला.

२२ मार्च

मला ताप आहे असं आईला सांगितलं. पांघरूण घेऊन पडून आहे. फसवलं मला. तिघांनीही. आणि तरी त्यांचं "ये फक्त" आठवतं. त्याची चीड येते सगळ्यात जास्त.

२४ मार्च

होळी झाली. वैभव कामासाठी सुरतेला गेला होता, सासूबाईंचा निरोप घेऊन आला — कधी येतेस, साड्यांचे गठ्ठे पडलेत.

बावीस महिने मी एकाच गोष्टीसाठी तळमळत होते. ती गोष्ट तिची होती. घ्यायला गेले तर चोरी, सोडून दिली तर मी कुठे जाऊ? मला घर नाही, नाव नाही. नवरा आहे आणि नाही. विहिरीवर गेले होते दुपारी. पाणी काढलं आणि परत आले. एवढंच लिहिते.

२७ मार्च, दोंडाईचा स्टेशन

काल पुन्हा सांजोरीला जाऊन कमलताईला सगळं सांगितलं, क्वार्टरचंही. आज बबिन्याची तिकिटं काढली. दोन. भुसावळला गाडी बदलायची, पुढे झाशी. ३१ तारखेच्या आत पोचू. माझी गुणपत्रिका माझ्याजवळ आहे आणि तिच्याजवळ ग्रामसेवकाचा दाखला, जिवंत असल्याचा. दोघी एकदमच साहेबासमोर उभ्या राहून खरं काय ते सांगणार आहोत.

कमलताई ट्रंकेवर बसली आहे. मघाशी विचारत होती, तिकडे थंडी असते का.

मला काय माहीत! मी तरी कुठे गेलेय?