माझ्या पायाच्या मापाचे पेडल

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, व्यवसाय मोटारींच्या सीटची कव्हरे शिवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. काल लिहायला घेतले ते मोटारीच्या कलमापाशी अडले. आज पुरे करते. कारण पुढे येईल.

१. राहते घर यजमानांना. बँकेतली शिल्लक त्यांना आणि लेकीला निम्मी-निम्मी. यावर वाद नको.

२. शिलाई मशीन थोरल्या जाऊबाईंना. माझ्या मोठ्या कात्रीने त्यांनी पुठ्ठा कापला होता, हे मी विसरलेले नाही. तरी कात्रीही त्यांनाच.

३. मोटार. सुटे भाग आणून आम्ही दोघांनी ती मागच्या शेडमध्ये जोडली. ब्रेकचे पेडल यजमानांनी आपल्या पायाच्या जोराप्रमाणे बसवले. माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यावर मला ते पुरते दाबेना, आणि गाडी फाटकावर आदळली.

यजमान पांढरेफटक पडले. म्हणाले, "विकून टाकू. तू धड राहिलीस, पुष्कळ झालं."

धाकट्या दिरांनी तर लाकडी ठोकळा आणून दिला. "वहिनी, हा चाकाखाली टाकत जा. हाच तुमचा ब्रेक!"

दोघांचेही मी ऐकून घेतले. शेवटी म्हटले, "अहो, कव्हर घट्ट झालं तर मी सीट तासते का? कव्हरच उसवते ना? मग माझा पाय आहे तसा राहू द्या. पेडल उसवा."

पेडल वरच्या खिळीवर झुलते. ब्रेक ढकलणारा दांडा त्या खिळीच्या जितका जवळ, तितका पायाला जोर कमी लागतो. आम्ही हावरटासारखे अगदी जवळ भोक पाडले. पेडल लोण्यासारखे मऊ झाले, पण ब्रेक लागायच्या आत तळाला टेकले. मग पेडलची नवी पट्टी कापून आधीच्या दोन्ही जागांच्या मधोमध भोक घेतले, आणि दांडा तिरपा होऊ नये म्हणून तो ज्यात शिरतो तो ब्रेकचा सिलिंडरही तेवढाच वर सरकवला.

आज सकाळी उतारावरून मी एकटी आले. पाय ठेवला. गाडी फाटकाच्या अलीकडे गुमान उभी राहिली. यजमान मटकन पायरीवर बसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

भिंतीमागून दिरांचा आवाज आला, "थांबली का? मग येतो बाहेर."

ही मोटार लेकीला. बाळा, हे पेडल माझ्या पायाच्या मापाचे आहे. तुला जड गेले तर दातओठ खात दाबत बसू नकोस. बाबांना हाक मार आणि आपले माप घे.

४. ठोकळा. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून तो आजच, हयातीत, ज्याचा त्याला परत केला.

साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार: धाकटे दीर (सही, ठोकळा मांडीवर ठेवून केली)

लिहून देणार: मी (सही)
स्थळ: घरामागची शेड
तारीख: गाडी थांबली ती, आजची