आश्चर्याचा गृहपाठ

३ जून
कंपनी एका माणसाला सहा महिन्यांसाठी जर्मनीतल्या कारखान्यात पाठवणार आहे. अट एकच, जर्मनची पहिली परीक्षा पास. तोंडी सोळा ऑगस्टला. साहेबांनी विचारलं, कोण तयार? मी हात वर केला. चष्मिसनेही केला. (शेजारच्या टेबलावर बसतो. वय एकोणतीस, अनुभव शून्य.) शेवटी मीच जाणार हे मला माहीतच आहे. आजपासून रोजनिशी. रोज पाच ओळी, खाडा नाही.

१४ जून
मधले दहा दिवस फार काम होतं.
क्लास सुरू झाला. चष्मिसही त्यातच. मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी काही सांगितलं की बाकीचे वहीत लिहितात. मी नुसती मान डोलावतो. बरंचसं माहीतच असतं.

२२ जून
आज ‘आश्चर्य व्यक्त करणे’. मॅडम म्हणाल्या, जर्मन माणसाने काही सांगितलं आणि तुम्ही ढिम्म बसलात तर त्याला वाटतं तुमचं लक्ष नाही. फळ्यावर लिहिलं: एश्ट? म्हणजे खरंच? ना झो वास! म्हणजे अगंबाई, अरेच्चा. वान्झिन! शब्दशः वेडेपणा, पण अर्थ कमाल आहे! दास गिब्ट्स दोख निश्ट! म्हणजे शक्यच नाही! आणि अगदी हद्द झाली तर म्हणायचं, माझं डुक्कर शिट्टी वाजवतंय. (हे लोक मोटारी कशा बनवतात कोण जाणे.)
मग जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला वर्गातल्या एक नर्सबाई. त्यांनी पुस्तकातून वाचलं की माझ्या भावाने हत्ती विकत घेतला. मी म्हटलं, दास वाइस इश शोन. मला माहीत आहे. अख्खा वर्ग हसला. मॅडमनी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? मी म्हटलं, अंदाज होता.
लाज वगैरे वाटली नाही. कान तापले ते खिडकीशी बसल्यामुळे.

२३ जून
नीट विचार केला. दोष माझा नाही, नोकरीचा आहे. बावीस वर्षं शाफ्ट तपासतोय. माप बरोबर असलं तर आश्चर्य नाही, चुकलं तर माल रिजेक्ट. आमच्या खात्यात आश्चर्य वाटणारा माणूस दोन दिवस टिकणार नाही.

२९ जून
परत तेच. या वेळी पुस्तकात नर्सबाईंचा बंगला जळला. मी म्हटलं, माहीत आहे. मॅडमनी वर्गानंतर थांबवून घेतलं. तोंडीत याला मार्क आहेत म्हणाल्या. गृहपाठ दिला: घरी रोज कुणीतरी काहीतरी नवीन सांगायचं आणि मी चकित व्हायचं. लहान मुलासारखं वहीत लिहून दिलं आणि खाली घरच्यांची सही मागितली. चष्मिस दारातून बघत होता. कान पुन्हा तापले. आज खिडकी बंद होती.

३० जून
हिला गृहपाठ समजावला. तिने वही उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, बाथरूमचा नळ गळतोय. मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली, मग दुरुस्त का नाही केला? गृहपाठ तिथेच संपला. सही दिली नाही.

५ जुलै
आरशासमोर सराव. भुवया वर, तोंड उघडं, वान्झिन! कन्या दात घासायला आली आणि परत गेली. हिला बाहेर सांगत होती की बाबांच्या दातात काहीतरी अडकलंय.

९ जुलै
कन्येला अ‍ॅडमिशन मिळाली. जनावरांची डॉक्टर होणार. जेवताना सांगितलं, पान समोर तसंच ठेवून. मी म्हटलं, मला माहीतच होतं. ती पुढे कॉलेजबद्दल काही सांगू लागली. तेही माहीत आहे म्हटलं. आपल्या मुलीवर बापाचा किती विश्वास आहे हे तिला कळलं असणार. ती अर्ध्यावर उठली. आनंदाने भूक मेली असेल.
नंतर ही म्हणाली, दुपारपासून फोन हातात धरून बसली होती. तुम्ही कसे उडी माराल याची नक्कल करून दाखवत होती मला.
उडी? या गुडघ्यांनी?

१० जुलै
काल जेवताना वान्झिन म्हणता आलं असतं. गृहपाठ झाला असता, सहीही मिळाली असती. आता पुन्हा उकरून काढणं बरं दिसत नाही.

२५ जुलै
साहेबांना नातू झाला. लिफ्टमध्ये भेटले, त्यांनी सांगितलं. संधी! भुवया वर केल्या आणि ओरडलो, दास गिब्ट्स दोख निश्ट! त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला, शक्यच नाही. ते पुढच्याच मजल्यावर उतरले, केबिन चार मजले वर असताना.

२ ऑगस्ट
हिने माळ्यावरून मोठी बॅग काढली. निकालाच्या आधीच माझी तयारी! डोळ्यांत पाणी आलं, पण दाखवलं नाही. कशासाठी ते सांगायला लागली. मी म्हटलं, माहीत आहे गं.

६ ऑगस्ट
बॅगेत दोन चादरी, एक स्वेटर, कुलूप. आज एक बादलीही आली. तिकडे बादल्या मिळत नाहीत म्हणे, कुठेतरी वाचलंय. पण बादली गुलाबी का? हिला बाजारातलं काही कळत नाही.

११ ऑगस्ट
ही म्हणाली, सोळा तारखेचं लक्षात आहे ना? मी म्हटलं, माझ्यापेक्षा जास्त कुणाच्या लक्षात असणार? ती म्हणाली, मग रजा टाका. मी म्हटलं, टाकलीय. तिचा चेहरा किती दिवसांनी खुलला. बायकोला नवऱ्याच्या परीक्षेची एवढी काळजी असते, हे मात्र खरंच माहीत नव्हतं.

१६ ऑगस्ट, सकाळी साडेसात
निघतोय. कन्या नवा ड्रेस घालून दारात उभी. म्हणाली, बाबा, मी आज… मी म्हटलं, माहीत आहे, ऑल द बेस्ट म्हणणार आहेस. तिने ओढणी सारखी केली. मग म्हणाली, ऑल द बेस्ट, बाबा.

दुपारी दोन
परीक्षा केंद्राबाहेरच्या बाकावर. जिंकलो! नर्सबाईंनी चिठ्ठी वाचली, माझ्या शेजाऱ्याला लॉटरीत मोटार लागली. मी खुर्चीवरून उठलो. एश्ट? वान्झिन! डुक्करसुद्धा शिट्टी वाजवून गेलं. परीक्षकबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, किती मनापासून! पूर्ण मार्क असणार. घरी जाऊन आधी कन्येला करून दाखवतो.

संध्याकाळी सहा
कन्येच्या खोलीत गेलो. पलंगावर गादी आहे, चादर नाही. भिंतीवर तिच्या टाइमटेबलच्या चिकटपट्टीचे चार डाग. कपाटात नुसते हँगर.
ही स्टेशनवरून येऊन बसली होती. म्हणाली, साडेअकराच्या गाडीने गेली. कॉलेज नऊ तासांवर आहे. होस्टेल आहे. गाडी सुटेपर्यंत स्टेशनच्या जिन्याकडे बघत होती. तुम्ही रजा टाकली म्हणालात, म्हणून मीच तिला सांगितलं होतं की परीक्षा आटोपून थेट स्टेशनवर येतील.
मी म्हटलं, मला कुणी सांगितलंच नाही.
ही चिडलीसुद्धा नाही. म्हणाली, पाच वेळा सांगितलं. पाचही वेळा तुम्ही म्हणालात, माहीत आहे.
एकही जर्मन शब्द आठवला नाही. मराठीही नाही. तोंड उघडं राहिलं ते राहिलंच.
खोलीत पंखा चालू आहे, खिडकी बंद आहे, आणि कान जळतायत. लाज वाटतेय. शेजाऱ्याच्या मोटारीसाठी खुर्चीवरून उठलो. तेही शेजारी कागदावरचा.

१७ ऑगस्ट
फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, ते राहिलंच. तिने परीक्षेचं विचारलं, बरी गेली म्हटलं. मग सांगू लागली. पहिल्याच दिवशी गोठ्यात नेलं, गाय विताना अडली होती, आमच्या कन्येने वासराचे पाय धरून ओढले. तिने! बोट कापलं की भिंत धरून खाली बसते ती. मी ओरडलो, काय सांगतेस! तू? खरंच? मग पुढे काय झालं?
फोन कट झाला असं वाटलं.
मग तिने हळूच विचारलं, बाबा, परीक्षा झाली ना? मग अजून प्रॅक्टिस का करताय?