अण्णांच्या नावचं पाणी

दोहा, जुलै १९८२

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी धड आहे. काम सावलीतलं आहे, काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे? अण्णांचं दहावं धाकट्यानं नीट केलं ना?

आमच्या मालकीणबाईंनी, मॅडमनं, थंड डोंगरांवरची झाडं आणलीत, ती मी सांभाळतो. दगडांच्या फटींत हिरव्या उशीसारखी वाढतात. त्यांच्या काचघराला दिवसरात्र एसी असतो. अण्णा गेल्याची तार आली तेव्हा मॅडम म्हणाली, "तुम जाएगा तो प्लांट मर जाएगा." माझा पासपोर्ट तिच्या साहेबांकडे अडकलेला.

दहाव्याला इथं नदी कुठली? अण्णांच्या नावानं तांब्याभर पाणी त्यातल्याच एका झाडावर सोडलं. वरून पाणी पडलं की ती कुजतात. मला माहीत होतं.

मॅडम ते कुजलेलं झाड हातात घेऊन ढसाढसा रडली. बरं वाटलं, आई. अण्णांसाठी इथं कुणीतरी रडलं.

तुझा,
शहाजी